चाहूल : यंत्रांच्या पहाऱ्याचा इतिहास

इतिहासाचा लेख म्हटला की आपल्या स्मरणिकेत बहुतेक वेळा मल्हारराव येतात, अहिल्याबाई येतात, पानिपत तर येतेच. यायलाच हवे; आपली घराणी माळव्यात आली ती त्याच वाटेने. पण यंदा आम्ही थोडी आडवाट धरणार आहोत. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाने पानिपतावर लिहिण्यापेक्षा, आपल्याला जे थोडेफार कळते त्याचाच इतिहास सांगावा हे बरे. तेव्हा हा लेख पहाऱ्याचा आहे. पहारा माणसांचा नव्हे, यंत्रांचा. रानात आणि वाळवंटात विखरून टाकलेली, बॅटरीवर चालणारी, तारेशिवाय खबर धाडणारी छोटी यंत्रे. त्यांनी घुसखोराची चाहूल कशी घेतली, ती खबर कोणाला दिली, आणि ज्याला ती मिळाली त्याने पुढे काय केले, एवढाच विषय.

यातले चाहूल घेणे तसे सोपे. जमीन हादरली, उष्णता जाणवली, लोखंड जवळून गेले, की यंत्राला कळते. काय गेले हे मात्र कळत नाही. आमच्या एका गोदामात काही वर्षांपूर्वी हालचाल टिपणारे यंत्र बसवले गेले. पहिल्या महिन्यात ते जितक्या वेळा वाजले तितक्या वेळा आत कबूतर किंवा मांजर निघाले. दुसऱ्या महिन्यात चौकीदाराने त्याच्यावर पोते टाकले. अमेरिकेसारख्या देशाने शंभर कोटी डॉलरच्या हिशेबात हाच अनुभव घेतला, हे पुढे वाचल्यावर आम्हाला त्या चौकीदाराचा राग येईनासा झाला.

गोष्ट सुरू होते १९६६ साली. उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेकडे माणसे, तांदूळ आणि दारूगोळा जात होता तो लाओसच्या डोंगरांतून. अमेरिकन त्याला हो चि मिन्हची वाट म्हणत. नाव एकवचनी असले तरी ती एक वाट नव्हती. पायवाटा, गाडीरस्ते, नदीतले उतार आणि वर झाडांच्या फांद्या बांधून झाकलेले बोगद्यासारखे रस्ते, असे हजारो किलोमीटरचे जाळे होते. ते सांभाळणारे उत्तर व्हिएतनामी पथक मे १९५९ मध्ये उभे राहिले म्हणून त्याचे नाव पथक ५५९. सुरुवातीला सायकली होत्या. सायकलीच्या दांड्याला बांबू बांधून दोनशे किलोच्या आसपास ओझे लादायचे आणि ढकलत न्यायचे. मग ट्रक आले. बॉम्ब पडून रस्ता उखडला की रात्रीतून तो बुजवायला तरुण मुलामुलींची पथके असत.

विमानांनी बॉम्ब टाकून ही वाट बंद होत नाही, हे अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या लक्षात आले होते. हा मोटार कंपनीतून आलेला, आकड्यांवर श्रद्धा असलेला माणूस. १९६६ च्या उन्हाळ्यात 'जेसन' नावाच्या वैज्ञानिकांच्या गटाने त्यांना एक तोड सुचवली. माणसांची भिंत उभी करू नका, कानांची भिंत उभी करा. विमानातून रानात हजारो छोटे कान पेरा, ते ट्रकचा आवाज ऐकतील, खबर देतील, आणि मग नेमक्या जागी विमाने धाडा. त्याच सप्टेंबरात कामाला लागण्यासाठी वेगळे कार्यालय उघडले गेले. पुढे या सगळ्याला नाव मिळाले 'इग्लू व्हाइट'. तो लाओसचा दमट जंगली मुलूख आणि नाव बर्फाच्या घराचे! सरकारी सांकेतिक नावे कोण ठेवतो हा प्रश्न आम्हाला आमच्याही खात्यात पडत आला आहे.

यंत्रे तऱ्हेतऱ्हेची होती. काही नौदलाकडून उसनी घेतलेली. पाणबुड्यांचा आवाज ऐकण्यासाठी समुद्रात टाकतात ती तरंगती ध्वनियंत्रे थोडी बदलून, पॅराशूट लावून, झाडांच्या शेंड्यांत अडकतील अशी टाकली. काही यंत्रे भाल्यासारखी. सुमारे अडीच फूट लांब, दहा-बारा किलो वजनाची, टोकदार. विमानातून सुटले की जमिनीत घुसायचे आणि वर फक्त अँटेना राहायची, तीही झुडपाच्या काड्यांसारखी रंगवलेली. हे यंत्र जमिनीचा कंप टिपत असे. १९६७ च्या अखेरीपासून पुढच्या पाच वर्षांत अशी सुमारे वीस हजार यंत्रे त्या रानात पडली. बॅटरी काही आठवडे टिकायची, संपली की नवी टाकायची. टाकणारे तरी सुखरूप होते का? ही यंत्रे नेमक्या जागी पडावीत म्हणून नौदलाची जुनी, संथ विमाने खालून उडत. त्या एका तुकडीची तीन विमाने १९६८ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत गेली आणि त्यांच्याबरोबर वीस माणसे. त्यानंतर हे काम वेगवान फँटम विमानांकडे दिले.

आता खबरीचा प्रवास पाहा. रस्त्याच्या कडेने माळेसारखी काही यंत्रे पेरलेली. ट्रक गेला की पहिले यंत्र रेडिओवर आपला क्रमांक बोलते, मग दुसरे, मग तिसरे. त्यांचा आवाज क्षीण, म्हणून वर आकाशात चोवीस तास एक विमान घिरट्या घालत असे. ते हा आवाज उचलून थायलंडमधील नाखोन फनोम येथील तळावर धाडत असे. तिथे वातानुकूलित इमारतीत आयबीएमचे त्या काळचे मोठे संगणक. कोणते यंत्र कोठे पडले आहे याचा नकाशा त्यांच्या पोटात. यंत्रे कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने बोलली त्यावरून ट्रकांची दिशा, वेग आणि संख्या काढायची. पडद्यावर एक रेघ अळीसारखी सरकताना दिसे. ती अळी पाच-दहा मिनिटांनी कोठे असेल याचा हिशेब करून ती जागा वैमानिकाला कळवायची. बऱ्याचदा वैमानिकाला खाली काही दिसतही नसे. नकाशातल्या चौकोनावर पोहोचला की बॉम्ब सुटत.

पदविकेच्या नजरेने पाहिले तर त्या काळच्या मानाने हे काम थक्क करणारे आहे. ट्रान्झिस्टर नुकता घरोघर पोहोचत होता तेव्हाची ही गोष्ट. ऑक्टोबर १९६९ मध्ये जनरल वेस्टमोरलँड यांनी तर भाषणातून जाहीरच करून टाकले की उद्याचे रणांगण असेच असेल, शत्रू कोठे आहे ते यंत्रे आणि संगणक जवळजवळ आपोआप शोधतील.

या यंत्रांची पहिली खरी परीक्षा मात्र ट्रकांवर झाली नाही. जानेवारी १९६८ मध्ये खे सान्ह येथील अमेरिकन तळाला वेढा पडला आणि वाटेवर पेरायची तीनशेहून अधिक यंत्रे त्या तळाभोवती टाकली गेली. तिथे त्यांचा उपयोग झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका टेकडीच्या बाजूला मोठी हालचाल यंत्रांनी सांगितली, तोफा त्या दिशेने फिरल्या आणि तो हल्ला फुटला. पुढच्याच रात्रीच्या पहाटे हल्ला झाला तो दुसऱ्या टेकडीवर, आणि यंत्रांनी त्याची आगाऊ खबर दिली नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. खे सान्हमध्ये यंत्राची खबर आणि प्रत्यक्ष पाहणारी माणसे एकाच जागी होती. यंत्र म्हणाले हालचाल आहे, तर टेकडीवरचा शिपाई कान देऊन ऐकू शकत होता, दुर्बीण लावू शकत होता. खोटी निघाली तर सकाळी कळत होते.

वाटेवर तसे नव्हते. लाओसमध्ये खाली उतरून पाहणारे जवळजवळ कोणी नव्हते. यंत्र म्हणाले ट्रक, संगणक म्हणाला ट्रक, विमानाने बॉम्ब टाकले, आवाज थांबला. आता आवाज थांबला तो ट्रक मोडला म्हणून, की चालकाने इंजिन बंद केले म्हणून, की त्या बॉम्बने आपलेच यंत्र उडाले म्हणून? शहानिशा करायला कोणी नाही. मग हिशेबाच्या वहीत 'ट्रक नष्ट' अशी नोंद. १९७०-७१ च्या कोरड्या हंगामात हवाई दलाने केलेला दावा उत्तर व्हिएतनामजवळ असलेल्या एकूण ट्रकांपेक्षाही मोठा होता. सकाळी छायाचित्रे घ्यायला विमाने गेली की सांगाडे दिसत नसत. तेव्हा त्यांच्याच अधिकाऱ्यांत एक विनोद चालत असे की लाओसच्या रानात ट्रक खाणारा एक अजस्र प्राणी राहतो, तो रात्रीतून सगळे फस्त करतो.

समोरची माणसेही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ट्रकांचा आवाज ध्वनिफितीवर घेऊन तो यंत्रांजवळ वाजवल्याचे, गुरे हाकत नेल्याचे किस्से नोंदले गेले आहेत. माणसाच्या अंगाचा अमोनिया हुंगणारे एक वेगळे यंत्र अमेरिकन सैन्य हेलिकॉप्टरमधून वापरी, त्याच्यासाठी झाडांना लघवीच्या पिशव्या टांगल्या जात. म्हणजे कोट्यवधींचे यंत्र आणि त्यावर तोड फुकटची. ३० मार्च १९७२ रोजी उत्तर व्हिएतनामने मोठा हल्ला चढवला तेव्हा त्यात रणगाडे आणि जड तोफा होत्या. इतकी अवजड सामग्री सरहद्दीशी जमा होऊनही एवढ्या ताकदीचा अंदाज कोणाला आला नाही. वर्षाला सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च होतो असे ज्या व्यवस्थेबद्दल सांगितले जाई, ती १९७२ च्या अखेरीस बंद झाली.

ज्या मुलखात हे सारे घडले त्या लाओसचे काय? १९६४ ते १९७३ या काळात त्या छोट्या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. सगळेच काही यंत्रांच्या सांगण्यावरून नव्हेत, पण वाटेच्या भागात पडले ते बरेचसे याच हिशेबाने. त्यातले न फुटलेले आजही शेतात नांगराला लागतात आणि माणसे, विशेषतः मुले, मरतात. जमिनीत रोवलेल्या यंत्राला एवढेच कळत होते की काहीतरी जड जवळून गेले. ते घुसखोर आहे असे म्हणणारा दूर थायलंडमध्ये बसला होता. आणि त्या वाटेवरच्या खेडुताला विचारले असते तर घुसखोर म्हणून त्याने बहुधा वर आकाशाकडे बोट दाखवले असते.

युद्ध संपत आले तशी ही यंत्रे घरी परतली. सत्तरच्या दशकात अमेरिकेने मेक्सिकोच्या सरहद्दीवर तीच बसवायला सुरुवात केली. तिथे वारा, पाऊस, गुरे, रानटी जनावरे. २००५ साली त्यांच्याच सरकारी तपासणीत नमुन्यादाखल तपासलेल्या इशाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त फुकट निघाले. त्यानंतर ॲरिझोनात मनोरे, कॅमेरे, रडार आणि जमिनीतली यंत्रे एकत्र जोडण्याचा मोठा बेत आखला. जेमतेम ५३ मैलांसाठी सुमारे शंभर कोटी डॉलर घालून जानेवारी २०११ मध्ये तोही गुंडाळला. आमच्या गोदामावरच्या पोत्याची ही अमेरिकन आवृत्ती.

मग चूक कोठे होती? यंत्रांच्या कानात नव्हती. आमच्या मते चूक खबरीच्या वाटेत होती. वीस हजार कान, पण एकही कान शेजारच्या कानाशी बोलत नव्हता. प्रत्येक जण आपली खबर सरळ वर धाडत होता, आणि खरे-खोटे करण्याचे काम शेकडो मैल दूर.

आपल्या जुन्या मोहल्ल्यातले उदाहरण घ्या. रात्री एक कुत्रे भुंकले तर आपण कूस बदलून झोपतो. पण कोपऱ्यावरचे भुंकले, मग देवळाजवळचे, मग आपल्या वाड्यापुढचे, असे ओळीने भुंकत आले, की आजोबा उठून बसत. कोणी तरी चालत येत आहे, कोणत्या बाजूने येत आहे आणि घाईत आहे की सावकाश, एवढे सगळे त्यांना अंथरुणातून कळे. एका कुत्र्याला यातले काहीच ठाऊक नसते. ते ज्ञान कुत्र्यांच्या मधल्या अंतरात असते. नाखोन फनोमचा संगणक हेच करू पाहत होता. फरक एवढाच की आजोबा खिडकी उघडून पाहू शकत होते.

यंत्रांना शेजाऱ्याशी बोलायला शिकवण्याचा विचार १९७८ च्या सुमाराला पुढे आला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था 'दार्पा' हिने त्या वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात वैज्ञानिक जमवले आणि विखुरलेल्या सेन्सरांच्या जाळ्याचा अभ्यास सुरू झाला. इंटरनेटच्या पायाभरणीत ज्यांचे नाव घेतले जाते ते रॉबर्ट कान याच्या पाठीशी होते. एमआयटीच्या प्रयोगशाळेने जमिनीलगत उडणारी विमाने आवाजावरून पकडण्याचे जाळे उभारून पाहिले. पण त्या काळी असे एक केंद्र म्हणजे मोटारगाडीत मावेल एवढा पसारा. रानात विखरून टाकायची गोष्टच नको.

वीस वर्षांनी चिप स्वस्त आणि बारीक झाली. बर्कलेच्या क्रिस पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट', म्हणजे शहाणी धूळ, अशी कल्पना मांडली. धुळीएवढी नाही झाली ती यंत्रे, पण काडेपेटीएवढी झाली. मार्च २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्वेंटीनाइन पाम्स येथील लष्करी मैदानावर एका छोट्या वैमानिकरहित विमानातून अशी सहा यंत्रे रस्त्याच्या कडेला टाकली गेली. पडल्यावर त्यांनी आपसात जाळे जमवले, एकमेकांशी घड्याळे जुळवली आणि रस्त्यावरून गाडी गेली की तिच्या लोखंडाने चुंबकक्षेत्रात होणारा फरक टिपून ठेवला. विमान पुन्हा डोक्यावरून गेले तेव्हा त्याला गाड्यांची दिशा आणि वेग सांगितला. फक्त सहा यंत्रे. पण घड्याळे जुळवणे, शेजारी ओळखणे, हिशेब करणे हे सगळे त्यांनी जमिनीवरच उरकले होते, वर गेला तो निष्कर्ष.

हे करण्यामागे शहाणपणापेक्षा काटकसर जास्त होती, हेही सांगितले पाहिजे. रेडिओवर बोलायला वीज फार लागते. त्या सुमारास मांडलेल्या एका हिशेबानुसार एक हजार बिट एवढा मजकूर शंभर मीटर लांब धाडायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात प्रोसेसर तीस लाख आज्ञा पार पाडू शकतो. म्हणजे विचार स्वस्त, बोलणे महाग. (आपल्या मंडळाच्या सभांत हा हिशेब उलटा असतो.) म्हणून लांब ओरडण्याआधी शेजाऱ्याला हळूच विचारायचे : तुला काही जाणवले का? त्याला काहीच जाणवले नसेल तर बहुधा ससा असेल, गप्प राहा.

याच विचारातून २००३ साली ओहायो राज्य विद्यापीठाच्या अनिश अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग आम्हाला या सगळ्या इतिहासात अधिक आवडतो. प्रयोगाचे नाव 'वाळूतली रेष'. फ्लोरिडातल्या एका हवाई तळावर सुमारे नव्वद यंत्रे पसरून त्यांनी प्रश्न असा घातला की आत आलेला साधा माणूस आहे, बंदूकधारी शिपाई आहे की गाडी आहे, हे ओळखून दाखवा. एकट्या यंत्राला हे जमण्यासारखे नव्हते. मग त्यांनी युक्ती काढली. साध्या माणसाजवळ लोखंड नसते, त्यामुळे त्याची चाहूल फक्त रडारला लागते, चुंबकाच्या यंत्राला लागत नाही. शिपायाच्या बंदुकीमुळे त्याच्या अगदी जवळची एखाद-दोन चुंबकयंत्रे जागी होतात. गाडी आली की एकदम पुष्कळ यंत्रे जागी होतात. तेव्हा प्रत्येकाने एवढेच सांगायचे, 'मला लागली' किंवा 'नाही लागली'. किती शेजाऱ्यांना लागली हे मोजले की काय आले ते कळते. प्रत्येकाची खबर होय-नाहीएवढी, पण दहा जणांच्या होय-नाहीतून वस्तूचा आकार उभा राहतो. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, त्याच मंडळींनी फ्लोरिडातच सव्वा किलोमीटरहून लांब पट्ट्यावर सुमारे एक हजार यंत्रांचे जाळे पसरून पाहिले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रयोगात आणखी एक सोय होती. सगळी यंत्रे एकदम जागी ठेवायची नाहीत. काही पहाऱ्याला, बाकी निजलेली, आणि पहारेकऱ्याला चाहूल लागली की त्याने शेजाऱ्यांना उठवायचे. बॅटरी कित्येक पटींनी जास्त टिकते. दहा दिवस मूर्तीजवळ रात्र जागवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही पाळी कोणी विद्यापीठात शिकवली नाही.

एक अडचण उरलीच. शेजारीच खोटे बोलत असेल तर? रानात पडलेले यंत्र शत्रूच्या हाती लागले, त्याने त्यात फेरफार करून पुन्हा ठेवले, आता ते 'सगळे शांत' म्हणून सांगते आहे. या प्रश्नाचा हिशेब सेन्सरांच्या आधीच, १९८२ मध्ये, लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस यांनी एका कल्पित गोष्टीतून मांडला होता. बायझंटाइन सेनापतींनी शहराला वेढा घातला आहे, निरोप्यांमार्फत एकमत करायचे आहे, पण त्यांच्यात फितूर आहेत. उत्तर असे निघते की नुसत्या तोंडी निरोपांवर चालायचे तर एका फितुरासाठी एकूण चार जण लागतात, दोघांसाठी सात. तिघांत एक फितूर असेल तर बाकी दोघांना त्याला टाळून एकमताला येण्याची खात्रीची रीत नाही. पण निरोपावर खोटी न करता येणारी सही असेल तर काम थोडक्यात भागते.

इथे मात्र मराठी माणसाला थोडे थांबायला हक्क आहे. सभासद बखरीत किल्ल्याचा बंदोबस्त दिला आहे, त्यात हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एका बरोबरीचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. मोठ्या घेऱ्याचा किल्ला असेल तर तटाचे सरनोबत वेगळे. गडाखाली घेऱ्यात रामोशी, बेरड, महार यांच्या चौक्या. एकटा कोणी फितला तर गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. आणि सहीचे म्हणाल तर, शिवकालीन पत्रात वर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादा संपली' अशा अर्थाचे मोर्तब, म्हणजे वाटेत कोणी खाली एक ओळही वाढवू शकणार नाही. २००१ साली बर्कलेत एड्रियन पेरिग आणि सहकाऱ्यांनी या छोट्या यंत्रांच्या निरोपांसाठी जी व्यवस्था बांधली, तिच्यातही प्रत्येक निरोपाच्या शेपटीला काही अक्षरांची खूण जोडलेली असते. मधला एक बिट बदलला की खूण जुळत नाही. शिवरायांनी सेन्सर शोधले असा दावा आम्ही करत नाही, तसे दावे फोनवर फिरतात तेवढे पुरेत. पण प्रश्न तोच होता आणि उत्तराची जातही तीच, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आपल्या देशापुरते बोलायचे तर १९९९ चे कारगिल आठवावे. शिखरांवर घुसखोर बसले होते आणि मे महिन्याच्या सुरुवातीला ती खबर आणली ती ताशी नामग्याल या गुराख्याने. हरवलेला याक शोधायला तो दुर्बीण घेऊन चढला होता. दूरवर अनोळखी माणसे खणताना दिसली, त्याने खाली येऊन लष्कराला सांगितले. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे दोष दाखवले त्यात, निरनिराळ्या यंत्रणांनी आपापल्याकडची माहिती एकमेकांना न पोहोचवणे आणि ती एकत्र ठेवून न तपासणे हा ठळक होता. आम्ही स्वतः सरकारी नोकर, त्यामुळे फाइल एका मेजावरून शेजारच्या मेजावर जायला किती दिवस लागतात हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण तिथे त्या फाइलीची किंमत पाचशेहून जास्त जवानांनी मोजली.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला आणि सीमेवरच्या यांत्रिक पहाऱ्याला वेग आला. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूच्या सीमेवर साडेपाच-साडेपाच किलोमीटरचे दोन पट्टे, आणि मार्च २०१९ मध्ये आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेचा ६१ किलोमीटरचा भाग, जिथे नदी पात्र बदलत असल्याने कुंपण टिकतच नाही. सीमा सुरक्षा दलाच्या या व्यवस्थेत उष्णता पाहणारे कॅमेरे, रडार, जमिनीतले सेन्सर अशा निरनिराळ्या साधनांच्या खबरी एका ठिकाणी ताडून मग गस्तीच्या तुकडीला कळवल्या जातात. एकाच जातीच्या यंत्रावर विसंबायचे नाही, आणि खबर पडताळायला माणूस जवळच असायचा. व्हिएतनाममधून घ्यायचा धडा इथे घेतला गेला असे वाटते. निदान कागदावर तरी.

आता गणपतीच्या अंकात हत्ती आलाच पाहिजे, तो येतो आहे. आसाम आणि उत्तर बंगालात रेल्वेचे रूळ हत्तींच्या जुन्या वाटा छेदून जातात, आणि रात्री गाडीखाली कळपच्या कळप सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. पूर्वोत्तर सीमांत रेल्वेने २०२२ च्या अखेरीस तिथे एक व्यवस्था सुरू केली. ही बिनतारी नव्हे. रुळांलगत संदेशवहनासाठी पुरलेली काचतंतूची केबलच कानासारखी वापरली जाते. हत्तीच्या पावलांनी जमीन कंप पावली की त्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. आगगाडीचा, माणसांचा, गुरांचा कंप वेगळा आणि हत्तीचा वेगळा, हे यंत्राला शिकवलेले असते. घुसखोर पकडण्याचेच हे शास्त्र, फक्त इथे ज्याची चाहूल घ्यायची तो तिथला मूळ रहिवासी आहे आणि मधे घुसली आहे ती गाडी. खबर नियंत्रण कक्षाला जाते आणि जवळच्या स्टेशन मास्तरलाही जाते. तिथून ती इंजिनावरच्या चालकापर्यंत पोहोचते, कारण ब्रेक त्याच्या हातात असतो.